रस्ता कोणाचा, दोष कोणाचा? चालणारे, सायकलवाले आणि मोटारवाले यांच्या दीडशे वर्षांच्या भांडणाचा धागा

१/ चौकात अपघात होतो, गर्दी जमते. पहिला प्रश्न 'फार लागलं का?' आणि पाठोपाठ दुसरा : 'चूक कोणाची?' जखमी माणूस पायी चालणारा वा सायकलवाला असेल, तर उत्तर बहुधा तयारच असते : 'मध्येच आला हो!' या तीन शब्दांत एक अख्खा सिद्धान्त दडलेला आहे. 'मध्ये' म्हणजे कशाच्या मध्ये? रस्ता हा मुळात वाहनाचा आणि माणूस त्यात शिरलेला उपरा, असे गृहीत धरल्याखेरीज हे वाक्य उच्चारताच येत नाही. हे गृहीतक निसर्गाने दिलेले नाही. त्याला जन्मस्थळ आहे, जन्मकाळ आहे आणि जन्मदातेही आहेत. आजचा धागा त्यांच्याविषयी.

२/ प्रथम एकोणिसाव्या शतकातील रस्ता डोळ्यांसमोर आणूया. लंडन असो, न्यूयॉर्क असो वा आपल्याकडील एखादी पेठ असो. रस्ता म्हणजे केवळ जाण्यायेण्याची वाट नव्हती. तेथे फेरीवाले बसत, मुले खेळत, मिरवणुका निघत, गप्पा रंगत. घोडागाड्या होत्या, त्यांखाली सापडून माणसे मरतही होती. परंतु चालणाऱ्याने रस्त्याच्या कडेलाच राहिले पाहिजे, अशी समजूत रूढ नव्हती. इंग्रजी परंपरागत कायद्याच्या दृष्टीने पादचाऱ्याचा रस्त्यावर गाडीवानाइतकाच हक्क होता. आणि ज्याच्या हाती अधिक इजा करणारे साधन, त्याने अधिक जपावे, अशी सर्वसाधारण लोकभावना होती.

३/ ही भावना कायद्यात किती टोकाला गेली होती, याचे उदाहरण म्हणजे ब्रिटनचा १८६५ चा 'लोकोमोटिव्ह अ‍ॅक्ट'. वाफेवर चालणाऱ्या अवजड गाड्या रस्त्यावर येऊ लागल्या, तेव्हा संसदेने त्यांना वेसण घातली : गावाबाहेर ताशी ४ मैल, गावात ताशी २ मैल. शिवाय गाडीच्या पुढे ६० यार्डांवर लाल निशाण घेतलेला माणूस चालला पाहिजे. म्हणजे यंत्राने माणसाच्या चालीने चालायचे, माणसाने यंत्राच्या नव्हे! निशाणाची अट १८७८ मध्ये सैल झाली. आज आपण या कायद्याला हसतो. पण त्यामागचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता : नवे आलेले वाहन धोका घेऊन येत असेल, तर काळजीचा भार कोणी वाहायचा?

४/ या जुन्या रस्त्यावर वेगाचा पहिला धक्का मोटारीने दिला, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो सायकलीने दिला. १८७९ मध्ये इंग्लंडमधील न्यायालयापुढे 'टेलर विरुद्ध गुडविन' हा खटला आला. आरोप होता, बेफाम सायकल चालवण्याचा. बचाव असा की कायदा 'गाडी' बेफाम हाकण्याविषयी आहे आणि सायकल ही गाडीच नव्हे. न्यायालयाने तो मानला नाही. बेफामपणाच्या त्या कलमापुरती सायकल ही गाडीच ठरली. पुढे १८८८ च्या कायद्याने तसे स्पष्टच लिहिले. सायकलवाल्याला रस्त्यावर अधिकृत स्थान मिळाले, ते असे आरोपीच्या पिंजऱ्यातून.

५/ १८८५ च्या सुमारास जॉन केम्प स्टार्लीची 'रोव्हर' आली : दोन्ही चाके जवळजवळ सारखी, मागच्या चाकाला साखळी. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचे टायर आणले. सायकल सोपी आणि वेगवान झाली. १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेतील शहरांना तिचे अक्षरशः वेड लागले. हँडलवर वाकून सुसाट जाणाऱ्या तरुणांना अमेरिकेत 'स्कॉर्चर' हे नाव पडले. न्यूयॉर्कचे तत्कालीन पोलीस आयुक्त थिओडोर रूझवेल्ट (होय, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले तेच) यांनी १८९५ मध्ये अशांना पकडण्यासाठी सायकलस्वार पोलिसांचे पथक उभारले. वेगाच्या नाटकातील पहिला खलनायक सायकलवाला होता, हे लक्षात ठेवा. भूमिका पुढे बदलणार आहेत.

६/ याच सायकलस्वारांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांच्या संघटना होत्या : अमेरिकेत १८८० मध्ये 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन', नेदरलँड्समध्ये १८८३ मध्ये पुढे 'एएनडब्ल्यूबी' या नावाने ओळखली गेलेली संस्था. खड्डे आणि चिखल यांनी त्रासलेल्या या मंडळींनी गुळगुळीत, पक्क्या रस्त्यांसाठी चळवळ केली, सभा भरवल्या, राजकारण्यांमागे तगादा लावला. रस्ते सुधारू लागले. त्यावरून वेगाने धावली ती मात्र मोटार. डच सायकलस्वारांची संस्था तर काळाच्या ओघात मोटारचालकांचा क्लब म्हणून प्रसिद्ध झाली. ज्यांनी वाट मागितली, त्यांनाच पुढे त्या वाटेच्या कडेला ढकलले गेले.

७/ १८९६ मध्ये ब्रिटनने हलक्या मोटारींवरील जुने निर्बंध उठवले. कायद्याने ताशी १४ मैलांपर्यंत मुभा दिली. त्याच वर्षी १७ ऑगस्टला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही स्त्री मोटारीच्या धडकेने मरण पावली. ब्रिटनमध्ये मोटारीने बळी गेलेली पहिली पादचारी म्हणून तिची नोंद होते. चौकशीत हा 'अपघाती मृत्यू' ठरला. असे पुन्हा घडू नये, अशी आशा मृत्युचौकशी अधिकाऱ्याने व्यक्त केल्याचे सांगतात. त्या आशेचे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी आपल्याला अटलांटिक ओलांडून अमेरिकेत जावे लागेल. कारण मोटार तेथेच सर्वप्रथम सामान्यांच्या आवाक्यात आली.

८/ १९०८ मध्ये फोर्डची 'मॉडेल टी' आली. १९१३ मध्ये फिरत्या जुळणीपट्ट्यावर तिचे उत्पादन होऊ लागले आणि किमती उतरल्या. श्रीमंतांचे खेळणे मध्यमवर्गाच्या दारात उभे राहिले. रस्ते मात्र तेच होते, खेळणाऱ्या मुलांचे आणि फेरीवाल्यांचे. परिणाम भीषण झाला. १९२० च्या दशकात अमेरिकेत मोटार अपघातांत दोन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. शहरांत मरणाऱ्यांत पायी चालणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते आणि त्यांत मुले पुष्कळ होती.

९/ या मृत्यूंकडे समाज कसा पाहत होता? आज आपल्याला चकित करील, असा. बाल्टिमोर शहराने १९२२ मध्ये अपघातांत गेलेल्या मुलांच्या स्मरणार्थ सार्वजनिक स्मारक उभारले. पिट्सबर्ग आणि सेंट लुइसमध्येही अशी स्मारके झाली. युद्धातील हुतात्म्यांना द्यावा तसा मान रस्त्यावर गेलेल्या लेकरांना दिला गेला. वृत्तपत्रांतील व्यंगचित्रांत मोटार ही नरबळी मागणाऱ्या राक्षसी दैवताच्या रूपात येई. कोणाचे मूल मोटारीखाली सापडले, तर जमाव चालकावर धावून जाई. मूल 'मध्ये आले' असे म्हणण्याची प्राज्ञा नव्हती. मोटार मुलाच्या मध्ये आली होती.

१०/ हा संताप १९२३ मध्ये ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात मतपेटीपर्यंत पोहोचला. ४२,००० हून अधिक नागरिकांनी एका अर्जावर सह्या केल्या. मागणी अशी : शहरातील प्रत्येक मोटारीला वेगनियंत्रक यंत्र बसवावे, म्हणजे ताशी २५ मैलांपुढे ती धावूच शकणार नाही. मोटार विक्रेते आणि उद्योजक हादरले. मोटार विकली जात होती ती वेगाच्या बळावर. वेगच कापला तर घोडागाडीहून तिचे वेगळेपण ते काय उरणार? प्रचंड प्रचारमोहीम झाली आणि त्या नोव्हेंबरात मतदारांनी प्रस्ताव फेटाळला.

११/ इतिहासकार पीटर नॉर्टन यांनी 'फायटिंग ट्रॅफिक' (२००८) या ग्रंथात हा संघर्ष तपशीलवार उलगडला आहे. त्यांच्या मते सिनसिनाटीची लढाई मोटार उद्योगासाठी डोळे उघडणारी ठरली. लढाई जिंकली, तरी एक गोष्ट कळून चुकली : 'धोक्याचे कारण वेग' हे समीकरण लोकांच्या मनात राहिले, तर अशी मागणी पुन्हा पुन्हा उठेल. तेव्हा समीकरणच बदलायला हवे. धोक्याचे कारण वेग नव्हे, तर बेशिस्त माणूस. काही बेफिकीर चालक आणि त्यांच्याहून अधिक बेफिकीर पादचारी. रस्त्याचा प्रश्न यंत्राचा न राहता वर्तनाचा झाला.

१२/ या कामी एक शब्द फार उपयोगी पडला : 'जे-वॉकर'. त्या काळच्या अमेरिकन बोलीत 'जे' म्हणजे गावंढळ, शहरात येऊन बावचळलेला खेडवळ. प्रारंभी रस्त्याची बाजू न पाळणाऱ्या गाडीवानालाही 'जे-ड्रायव्हर' म्हणत. म्हणजे ही शिवी दोन्ही बाजूंना लागू होती. पण 'जे-ड्रायव्हर' मागे पडला आणि 'जे-वॉकर' शब्दकोशात जाऊन बसला. आपल्या आजोबा-पणजोबांप्रमाणे वाटेल तेथून रस्ता ओलांडणारा माणूस एका पिढीत 'नागरिक' होता तो 'गावंढळ' झाला. शिवीची ताकद ती हीच : तिला युक्तिवाद लागत नाही.

१३/ शब्दामागोमाग कायदा आला. कॅन्सस सिटीने १९१२ मध्येच वाटेल तेथून रस्ता ओलांडण्यास मनाई करणारा नियम केला होता. परंतु खरे वळण लॉस एंजेलिसने घेतले. तेथे १९२५ मध्ये मिलर मॅक्लिंटॉक या तरुण अभ्यासकाच्या साहाय्याने नवी वाहतूक नियमावली लागू झाली आणि पादचाऱ्याला चौकातील आखलेल्या पट्ट्यांत बांधले गेले. पुढे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर यांनी बोलावलेल्या राष्ट्रीय परिषदेतून १९२८ ची आदर्श नगर-नियमावली निघाली. लॉस एंजेलिसचा कित्ता देशभरातील शहरांनी गिरवावा, यासाठी तिचा उपयोग झाला. या सर्व प्रक्रियेत मोटार क्लब आणि उद्योगसंस्था आघाडीवर होत्या.

१४/ मात्र केवळ कायद्याने सवयी बदलत नाहीत, हे या मंडळींना नेमके ठाऊक होते. दंडापेक्षा उपहास अधिक परिणामकारक, हे त्यांचे निदान. पोलिसांनी शिट्टी वाजवून चुकलेल्या पादचाऱ्याला भर चौकात ओशाळे करायचे. बालवीरांनी त्याच्या हाती 'तुम्ही जे-वॉकिंग केले' अशी चिठ्ठी द्यायची. शाळांत मुलांची सुरक्षा-पथके निघाली आणि 'रस्ता खेळण्यासाठी नसतो' हा धडा बालपणीच गिरवला जाऊ लागला. मोटार उद्योगाच्या राष्ट्रीय संघटनेने तर वृत्तपत्रांना विनामूल्य सेवा देऊ केली : अपघाताचा तपशील कळवा, आम्ही बातमी लिहून देतो. अर्थात त्या बातमीत दोष कोणाकडे झुके, हे सांगायला नको.

१५/ येथे थोडे थांबून न्याय्य बोलले पाहिजे. चौकात पट्टे आखणे, मुलांना जपायला शिकवणे यांत गैर काहीच नव्हते. त्यातून जीव वाचले असतील आणि अनेक सुरक्षा-कार्यकर्त्यांची कळकळ खरी होती. मुद्दा निराळा आहे. नियम हवेत की नकोत हा वाद नव्हताच. नियमांचा भार कोणाच्या खांद्यावर टाकायचा, हा वाद होता. सिनसिनाटीच्या अर्जाने तो यंत्रावर टाकला होता. लॉस एंजेलिसच्या नियमावलीने तो मोठ्या अंशी पायी चालणाऱ्यावर टाकला. दहा वर्षांच्या आत अपघाताचा आरोपी बदलला.

१६/ या काळात सायकलवाल्याचे काय झाले? ते पाहायला ब्रिटनमध्ये परतूया. तेथे १९३० च्या कायद्याने मोटारींची ताशी २० मैलांची वेगमर्यादा काढून टाकली. १९३४ मध्ये रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली. हाहाकार उडाला आणि १९३५ पासून वस्तीच्या भागांत ताशी ३० मैलांची मर्यादा आणावी लागली. वाहतूकमंत्री होअर-बेलिशा यांनी डिसेंबर १९३४ मध्ये लंडनच्या वेस्टर्न अव्हेन्यूलगत सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग खुला केला. सायकलस्वारांनी फुले उधळली असतील, असे वाटते ना? त्यांच्या मुख्य संघटनेने कडाडून विरोध केला!

१७/ विरोधाचे कारण समजून घेण्याजोगे आहे. आज स्वतंत्र मार्ग देता आहात, उद्या मुख्य रस्त्यावर यायला बंदी कराल. आमचा रस्त्यावरचा पिढीजात हक्क कडेच्या पट्टीच्या मोबदल्यात आम्ही विकणार नाही, ही त्यांची भूमिका. ज्यांनी पादचाऱ्याला पदपथावर ढकलले जाताना पाहिले होते, त्यांची ही भीती निराधार म्हणता येत नाही. पण या पवित्र्याची किंमतही होती : सुरक्षित जागा मिळाली नाही आणि मुख्य रस्ता मोटारींनी भरत गेला. हक्क तत्त्वतः शाबूत राहिला, तो बजावणारे मात्र उत्तरोत्तर कमी होत गेले. 'वेगळी वाट की समान हक्क?' हा वाद सायकलप्रेमींत आजही संपलेला नाही.

१८/ आता धाग्याचा उत्तरार्ध : नेदरलँड्स. 'डच लोकांच्या रक्तातच सायकल आहे' हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. इतिहास निराळे सांगतो. सायकल तेथे सर्वसामान्यांचे वाहन होती, म्हणूनच १९२४ मध्ये सरकारने तिच्यावर कर बसवला आणि कर भरल्याची खूण म्हणून सायकलला धातूचा बिल्ला लावणे सक्तीचे केले. हा कर १९४१ पर्यंत चालला. बिल्ल्याचे वाचून काही आठवले का? महाराष्ट्रातील अनेक नगरपालिकाही सायकलला कर लावून असाच बिल्ला देत. बिल्ला नाही, दिवा नाही किंवा डबलसीट, म्हणून हवालदाराने अडवल्याच्या कथा घरोघरी ऐकू येतात.

१९/ दुसऱ्या महायुद्धानंतर सुबत्ता आली आणि डच शहरेही अमेरिकेच्या वाटेने निघाली. १९५४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमचे पोलीसप्रमुख कासयाखर यांनी वाहतुकीसाठी शहरातील कालवे बुजवण्याची योजना मांडली. १९६७ मध्ये डेव्हिड योकिनेन या अमेरिकन नियोजकाने त्यापुढची मजल मारली : शहराच्या गाभ्यापर्यंत रुंद महामार्ग आणावेत आणि त्यासाठी कालवा बुजवून जुन्या वस्त्या पाडाव्यात. आज ज्या कालव्यांची छायाचित्रे पाहायला जग तेथे जाते, ते 'वाहतुकीतील अडथळा' ठरले होते. दोन्ही योजना लोकविरोधामुळे बारगळल्या. पण मोटारी वाढतच राहिल्या आणि सायकलींचा वापर घसरत गेला.

२०/ पहिला प्रतिकार थट्टेच्या रूपाने आला. अ‍ॅमस्टरडॅममधील 'प्रोव्हो' या बंडखोर तरुणांच्या गटाने १९६५ मध्ये 'पांढऱ्या सायकलीं'ची योजना जाहीर केली. कल्पना लूड शिमेलपेनिंक यांची : पांढऱ्या रंगवलेल्या सायकली शहरात कुलूप न लावता ठेवायच्या, ज्याला हवी त्याने न्यावी आणि काम झाले की सोडावी. पोलिसांनी त्या जप्त केल्या. कारण सायकल कुलपाविना ठेवणे नियमबाह्य होते! लॉस एंजेलिसमध्ये उपहास हे मोटारवाल्यांचे शस्त्र होते. येथे ते प्रथमच दुसऱ्या बाजूच्या हाती आले. तरीही थट्टेने धोरण बदलले नाही. ते बदलले शोकाने.

२१/ १९७१ मध्ये या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. त्यांपैकी एक, पत्रकार व्हिक लँगेनहॉफ यांची सहा वर्षांची मुलगी. ती सायकलवरून शाळेत जात होती. सप्टेंबर १९७२ मध्ये लँगेनहॉफ यांनी 'दे तैद' या वृत्तपत्रात लेख लिहिला. शीर्षक : 'स्टॉप दे किंडरमोर्द', म्हणजे 'बालहत्या थांबवा'. व्यक्तिगत दुःखावर न थांबता त्यांनी विचारले की, इतकी मुले दरवर्षी मरत असताना हा देश गप्प कसा? मुलांना सुरक्षित जागा मागण्यासाठी पालकांनी एकत्र यावे, हे त्यांचे आवाहन. त्यातून याच नावाची संघटना उभी राहिली.

२२/ शीर्षकातील शब्द पुन्हा वाचा : अपघात नव्हे, हत्या. कोणी चालक जाणूनबुजून मुलांना मारत होता, असा त्याचा अर्थ नव्हता. अर्थ असा की, जो मृत्यू टाळता येतो, दरवर्षी तितक्याच संख्येने येतो आणि ज्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत, त्याला दैवयोग म्हणणे ही पळवाट आहे. 'जे-वॉकर' या शब्दाने दोष चालणाऱ्यावर ढकलला होता. 'किंडरमोर्द' या शब्दाने तो रस्त्याच्या रचनेवर आणि ती आखणाऱ्यांवर परत आणला. रस्त्यांच्या इतिहासातील दोन मोठी वळणे दोन शब्दांनी घेतली आहेत, ती अशी.

२३/ संघटनेच्या पहिल्या अध्यक्षा मार्त्ये व्हान पुटेन पुढे युरोपीय संसदेच्या सदस्य झाल्या. आंदोलनांत तरुण पालक, विशेषतः आया, मोठ्या संख्येने होत्या. अ‍ॅमस्टरडॅमच्या 'दे पैप' या दाटीवाटीच्या वस्तीत तर १९७२ मध्ये मुलांनीच खेळायला जागा हवी म्हणून रस्ता अडवला. दूरचित्रवाणीने ते दृश्य घराघरांत पोहोचवले. पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले. ४ नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारींना बंदी झाली. रिकाम्या महामार्गांवर लोक चालले, मुलांनी चाकांचे बूट घालून धाव घेतली. रस्ता मोटारीविनाही असू शकतो, हे एका पिढीने डोळ्यांनी पाहिले.

२४/ १९७५ मध्ये सायकलस्वारांची नवी, लढाऊ संघटना स्थापन झाली, कारण जुनी केव्हाच मोटारवाल्यांची झाली होती. सरकारने टिलबर्ग आणि द हेग येथे प्रायोगिक सायकलमार्ग बांधले. गिऱ्हाईक तुटेल म्हणून दुकानदार कुरकुरले. हे सारे एकमताने झाले असे समजू नये. डेल्फ्टमध्ये आकाराला आलेल्या 'वोनएर्फ' या कल्पनेला १९७६ मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली. वोनएर्फ म्हणजे राहत्या घरांचे सामाईक अंगण. तेथे झाडे, बाक, वळणे यांमुळे मोटारीला माणसाच्या चालीनेच जावे लागते आणि मुले खेळू शकतात. १८६५ चे लाल निशाण जणू विटा आणि झाडांच्या रूपाने परतले!

२५/ दोषाचे गणित कायद्यातही उतरले. नेदरलँड्समध्ये मोटार आणि पादचारी वा सायकलस्वार यांची टक्कर झाली, तर नुकसानभरपाईची जबाबदारी मुळात मोटारमालकावर असते; टाळणे अशक्यच होते, हे त्याने सिद्ध करायचे. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकाच्या प्रारंभी हे तत्त्व आणखी पक्के केले : जखमी व्यक्ती १४ वर्षांखालील असेल, तर जवळजवळ सर्व परिस्थितीत पूर्ण भरपाई. लक्षात घ्या, ही फौजदारी शिक्षा नव्हे, विम्यातून दिली जाणारी दिवाणी भरपाई आहे. पण तिच्यामागील विचार स्पष्ट आहे : मूल 'मध्ये येणारच', म्हणून चालकानेच ते धरून चालावे.

२६/ मग भांडण मिटले का? अजिबात नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमखालून सायकलींची जुनी वाट जाते. संग्रहालयाच्या नूतनीकरणात तिचे काय करायचे, यावरून सायकलस्वार आणि संग्रहालय यांच्यात वर्षानुवर्षे जुंपली; २०१३ मध्ये वाट पुन्हा खुली झाली. सायकलमार्गांवर हलक्या स्कूटरांची गर्दी झाली, तेव्हा एप्रिल २०१९ मध्ये शहराने अंतर्भागात त्यांना मुख्य रस्त्यावर पाठवले. २०१७ मध्ये देशात मोटारीतील लोकांपेक्षा सायकलस्वारच अधिक मेले. त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे होते. एकूण मृत्यू मात्र १९७१ च्या तुलनेत एक पंचमांशाच्या आसपास आले होते, लोकसंख्या वाढूनही.

२७/ आता आपल्याकडे. पुणे हे एके काळी 'सायकलींचे शहर'. कामगार, विद्यार्थी, प्राध्यापक, सारे सायकलवर. मग स्कूटर आली, त्यांतल्या पुष्कळशा जवळच्याच आकुर्डीच्या कारखान्यातून. पुढे मोटारसायकल, मोटार. कालचा सायकलवाला आजचा चालक झाला. २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. परंतु बांधलेल्या मार्गांवर उभी वाहने आणि टपऱ्या दिसतात, सायकली विरळा. पदपथावर दुचाकी चढते, म्हणून चालणारा रस्त्यावर उतरतो. आणि त्याला धक्का लागला की... 'मध्येच आला!'

२८/ भारतीय कायदा दोन्ही दिशांनी चालताना दिसतो. १९८२ मध्ये मोटार कायद्यात दुरुस्ती होऊन चूक सिद्ध न करताही मृताच्या वारसांना १५,००० रुपये देण्याची तरतूद झाली. आज हीच रक्कम ५ लाख आहे. दोषाआधी माणूस, हा त्यामागचा विचार. दुसऱ्या बाजूला, २०१३ मध्ये कोलकात्यात १७४ रस्त्यांवर सायकलबंदी आली. दूधवाले, पेपरवाले, मजूर एका फटक्यात अडथळा ठरले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगे पदपथ हा घटनेच्या कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानून राज्यांना मार्गदर्शक तत्त्वे आखण्यास सांगितले.

२९/ खुद्द 'जे-वॉकर'च्या माहेरीही वारे फिरले आहे. कॅलिफोर्नियाने २०२३ पासून, धडकेचा तातडीचा धोका नसेल तर, पट्ट्याबाहेर रस्ता ओलांडणाऱ्याला दंड करणे थांबवले. लॉस एंजेलिसने घातलेली गाठ सुटायला जवळपास शंभर वर्षे लागली. रस्त्यावरचा कोणताही नियम सनातन नाही. तो कोणीतरी, केव्हातरी, कोणाच्या तरी सोयीसाठी केलेला असतो. आणि जे संघटित असतात, त्यांची सोय त्यात आधी पाहिली जाते. सिनसिनाटीत सह्या करणारे आणि डच पालक यांचे दुःख सारखेच होते. एका ठिकाणी ते एका मतदानापुरते टिकले, दुसऱ्या ठिकाणी दशकभर रस्त्यावर उभे राहिले. फरक तेथे पडला.

३०/ शेवटी एक काम. आपापल्या घरातील आजी-आजोबांना विचारा : तुम्ही शाळेत कसे जायचा, रस्त्यावर काय काय खेळायचा, सायकलचा बिल्ला कितीला पडायचा? मिळालेली उत्तरे येथे खाली लिहा. बिल्ल्याचे छायाचित्र असेल तर अवश्य जोडा. आपल्या शहरांच्या रस्त्यांचा इतिहास अजून पुष्कळसा लिहिला जायचा आहे. तो सरकारी दप्तरांत जितका आहे, तितकाच या आठवणींत आहे. धागा संपूर्ण.